अंडकोषात कडक गाठ लागली तर काय करायचं? घाटकोपरला उतरल्यापासून परळच्या टाटापर्यंतची वाट

घाटकोपर (मुंबई) : आपल्या तालुक्यांतल्या बहुतेक गावांचं कुणी ना कुणी घाटकोपरला राहतं. पंतनगर, भटवाडी, असल्फा, चिरागनगर या भागांत गावाकडच्या माणसांच्या खोल्या आहेत. गावात मोठं दुखणं निघालं की पेशंट आधी या खोलीवर येतो आणि मग दवाखाना शोधतो. हार्ट, किडनी, डोळे यांबद्दल विचारायला कुणाला अवघड वाटत नाही. अंडकोषाची गाठ असली की मात्र सगळं गप्प. पोरगा बापाला सांगत नाही, बाप पाहुण्याला सांगत नाही. सहा-सहा महिने असेच जातात.

हा लेख त्या गाठीबद्दल आहे. वृषणाचा कर्करोग आपल्या देशात फार कमी आढळतो, वर्षाला लाख पुरुषांमागं एकापेक्षाही कमी. पण ज्यांना होतो ते बहुतेक १५ ते ४० वयाचे, म्हणजे घरचे कर्ते नाहीतर लग्नाचे पोरगे. आणि हा कर्करोग वेळेत सापडला तर जवळपास सगळे बरे होतात. त्यामुळं इथं खरं नुकसान होतं ते दोन गोष्टींनी : उशीर आणि चुकीच्या जागी मारलेली सुई किंवा चीर. या दोन्ही टाळता येतात.

कुठली गाठ साधी, कुठली नाही

आधी शब्द नीट समजून घेऊ. अंडकोष म्हणजे बाहेरची पिशवी. तिच्या आत ज्या दोन गोळ्या असतात त्यांना वृषण म्हणतात. वृषणाच्या मागच्या बाजूला मऊ, दोरीसारखी नळी हाताला लागते. ती सगळ्यांना असते, ती गाठ नव्हे. एक गोळी दुसरीपेक्षा थोडी खाली असणं किंवा थोडी मोठी असणं हेही नेहमीचं आहे.

पिशवी सुजण्याची कारणं पुष्कळ. सगळ्यांत जास्त दिसतं ते पाणी साचणं, ज्याला आपण अंडवृद्धी किंवा हायड्रोसील म्हणतो. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडं हत्तीरोगामुळं हे प्रमाण जास्त आहे. दुसरं हर्निया, ज्यात आतडं खाली उतरतं, खोकल्यावर फुगतं आणि आडवं झाल्यावर बरेचदा आत जातं. तिसरं जंतूंमुळं आलेली सूज. ती दुखते, ताप येतो, गोळ्यांनी उतरते. चौथा क्षयरोग म्हणजे टीबी. तो मागच्या नळीला होतो आणि कडक गाठीसारखा लागतो. यातलं बहुतेक बरं होणारं आहे.

कर्करोगाची गाठ यापेक्षा वेगळी लागते. ती गोळीच्या आतच असते, कडक असते आणि बहुतेक वेळा अजिबात दुखत नाही. पिशवी जड वाटते. दुखत नाही म्हणून माणूस थांबतो आणि तिथंच फसतो. काहींना खेळताना चेंडू लागतो, मग हात जातो आणि गाठ कळते. त्या माराने गाठ झालेली नसते, ती आधीपासून असते.

गावाकडं एक जुनी पद्धत आहे : अंधारात पिशवीमागं टॉर्च धरायची, उजेड आरपार दिसला की पाणी आहे असं समजायचं. पद्धत खोटी नाही, डॉक्टरही ती करतात. पण गाठीभोवतीसुद्धा पाणी साचू शकतं. मग टॉर्चला पाणी दिसतं आणि आतली गाठ झाकली जाते. म्हणून टॉर्चवर निकाल लावू नका.

एक गोष्ट मात्र तातडीची. अचानक, जोराची कळ येऊन एक वृषण वर ओढलं गेलं, उलट्या झाल्या, तर गोळीला पीळ पडलेला असू शकतो. हे दुखणं पोरांमध्ये जास्त. साधारण सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर गोळी वाचते. अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं.

पहिली तपासणी सोनोग्राफी

समजा तालुक्यातला २७ वर्षांचा पोरगा आहे. डाव्या गोळीत कडक गाठ, दोन महिने झाले, दुखत नाही. त्यानं पहिल्यांदा जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात सर्जनला दाखवावं. घाटकोपरला नातेवाईक असतील तर घाटकोपर पूर्वेला महापालिकेचं राजावाडी हॉस्पिटल आहे. स्टेशन विद्याविहार जवळ पडतं. तिथं सर्जरीच्या ओपीडीत केसपेपर काढायचा आणि डॉक्टरला सरळ सांगायचं, ‘गोळीत गाठ आहे, अंडकोषाची सोनोग्राफी पाहिजे.’ डॉक्टर रोज अशा तक्रारी बघतात, त्यांच्यापुढं लाजायचं काही कारण नाही.

सोनोग्राफीत सुई नाही, किरणं नाहीत, दुखत नाही. गाठ गोळीच्या आत आहे की बाहेर, भरीव आहे की पाण्याची, हे त्यात कळतं. गोळीच्या आतली भरीव गाठ निघाली तर ती कर्करोगाची नाही असं सिद्ध होईपर्यंत कर्करोगाचीच धरून चालायचं, असा डॉक्टरांचा नियम आहे.

पुढं रक्ताच्या तीन तपासण्या होतात : एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच. यातली बीटा एचसीजी ही बायकांच्या गरोदरपणाच्या चाचणीत बघतात तीच. लॅबवाल्यानं चुकून लिहिली असं समजून ती खोडायला लावू नका. काही गाठी हे हार्मोन रक्तात सोडतात. या तपासण्या ऑपरेशनच्या आधी एकदा आणि नंतर पुन्हा करायच्या असतात. गाठ काढल्यावर बीटा एचसीजी दर दोन-तीन दिवसांनी निम्मं व्हायला पाहिजे आणि एएफपी साधारण पाच ते सात दिवसांनी निम्मं. आकडा तसा उतरला नाही तर रोग कुठंतरी शिल्लक आहे, असं डॉक्टरांना कळतं. आधीचा आकडाच नसेल तर तुलना कशाशी करणार? म्हणून ऑपरेशनआधीचा रिपोर्ट जपून ठेवा.

याबरोबर पोटाचा आणि छातीचा सीटी स्कॅन होतो. काही पेशंट कंबर दुखते म्हणून मणक्याच्या डॉक्टरकडं फिरत राहतात आणि दुखणं असतं पोटातल्या गाठींचं. तरण्या पोराची कंबर विनाकारण दुखत असेल तर एकदा गोळ्याही तपासून घ्याव्यात.

सुई का मारायची नाही

हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आहे. इतर ठिकाणी गाठ असली की डॉक्टर सुई मारून तुकडा काढतात आणि तपासायला पाठवतात. इथं पिशवीतून तसं करत नाहीत.

कारण असं. बाळ आईच्या पोटात असताना वृषण किडनीजवळ तयार होतं आणि जन्माच्या सुमारास खाली पिशवीत उतरतं. त्यामुळं वृषणातला रोग पसरला तर तो आधी वर पोटात, किडनीजवळच्या लसिका गाठींमध्ये जातो. पिशवीच्या कातडीची वाट वेगळी आहे, ती जांघेतल्या गाठींकडं जाते. पिशवीला सुई मारली किंवा चीर दिली की रोगाला ही दुसरी वाट उघडून मिळते. मग उपचार वाढतात.

म्हणून बरोबर ऑपरेशन जांघेतून होतं, हर्नियाची चीर जिथं असते साधारण तिथून. वृषण आणि त्याची दोरी दोन्ही वरच्या बाजूनं पूर्ण काढतात. पिशवी तशीच राहते. बहुतेक पेशंट एक-दोन दिवसांत घरी जातात.

गावाकडं पाणी काढून देणारे, सुई मारून ‘मोकळं करून’ देणारे लोक असतात. पाणी असो की गाठ, सोनोग्राफीशिवाय त्यांच्या हातात देऊ नका. आणि हायड्रोसीलचं ऑपरेशन ठरलं असेल तरी आधी सोनोग्राफी झाली आहे का, एवढं विचारा.

ऑपरेशन कुठंही होऊ द्या, काढलेला प्रत्येक भाग पॅथॉलॉजी तपासणीला गेला पाहिजे. रिपोर्टबरोबर काचेच्या पट्ट्या आणि मेणाचे ठोकळे, ज्यांना स्लाइड आणि ब्लॉक म्हणतात, तेही मागून घ्या. मोठ्या हॉस्पिटलात गेल्यावर हेच पहिल्यांदा मागतात.

गाठीचं नाव कळल्याशिवाय औषध ठरत नाही

वृषणाच्या १०० कर्करोगांत ९० पेक्षा जास्त बीजपेशींचे असतात, म्हणजे ज्या पेशींपासून वीर्यातलं बीज तयार होतं त्यांचे. त्यांचे दोन मोठे गट आहेत. एक सेमिनोमा. तो सावकाश वाढतो आणि रेडिएशनलाही दाद देतो. दुसरा नॉन-सेमिनोमा, जो जरा लवकर पसरतो. रक्तात एएफपी वाढलेलं असेल तर तो निव्वळ सेमिनोमा नाही, असं धरतात.

उरलेल्या दुर्मिळ गाठी. त्यांचं नाव कळणं फार गरजेचं, कारण प्रत्येकीचा उपचार वेगळा आहे.

लायडिग पेशींची गाठ : या पेशी पुरुषी हार्मोन तयार करतात. गाठ झाली की हार्मोन बिघडतं. मोठ्या माणसाची छाती बायकांसारखी वाढू शकते, ताकद कमी होते. लहान पोराला पाच-सहा वर्षांतच मिसरूड, आवाज फुटणं अशी लक्षणं दिसतात. रक्तातल्या त्या तीन तपासण्या बरोबर येतात. बहुतेक गाठी साध्या असतात, साधारण दहातली एक कर्करोगाची. पण जी कर्करोगाची निघते तिला केमो फारसा लागू पडत नाही, तिथं ऑपरेशनवरच भर असतो.

सर्टोली पेशींची गाठ : लायडिगपेक्षाही कमी दिसते. हीसुद्धा बहुतेक वेळा साधी असते.

एपिडर्मॉइड सिस्ट : ही कर्करोग नाहीच. कांदा आडवा कापल्यावर जशा एकात एक चकत्या दिसतात तशी ही सोनोग्राफीत दिसते. डॉक्टरला अशी शंका आली, गाठ लहान असली आणि रक्त बरोबर असलं, तर फक्त गाठ काढून गोळी वाचवता येते. ऑपरेशन चालू असतानाच तुकडा तपासण्याची सोय त्यासाठी लागते. म्हणून असं ऑपरेशन मोठ्या ठिकाणी करावं.

लिम्फोमा : ६० च्या पुढच्या माणसाच्या गोळीत गाठ आली तर सगळ्यांत जास्त शक्यता याची. हा रक्ताच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग आहे. दुसऱ्या गोळीत आणि मेंदूकडं जाण्याची त्याची सवय असते. म्हणून नुसतं ऑपरेशन करून सोडून चालत नाही. केमो, दुसऱ्या बाजूला रेडिएशन आणि मेंदूकडं पसरू नये म्हणून औषध असं सगळं लागतं. आजोबांची गोळी सुजली तर ‘वय झालंय’ म्हणून सोडू नका.

स्पर्मॅटोसायटिक ट्यूमर : हाही बहुतेक पन्नाशीच्या पुढं येतो. पूर्वी याला सेमिनोमातच धरायचे. पण हा क्वचितच पसरतो, बहुतेकांना गोळी काढल्यावर पुढं काही लागत नाही. नाव चुकलं तर माणसाला नको असलेला उपचार होतो.

लहान मुलांच्या गाठी : यात योक सॅक ट्यूमर आणि टेराटोमा जास्त. मोठ्यांपेक्षा यांचा स्वभाव सौम्य असतो. एक लक्षात ठेवा, अगदी लहान बाळाच्या रक्तात एएफपी मुळातच जास्त असतं, त्यामुळं नुसता आकडा बघून घाबरू नये.

दुर्मिळ गाठीत एका पॅथॉलॉजिस्टचं मत पुरेसं नसतं, कारण तालुक्याच्या लॅबला अशी गाठ कित्येक वर्षांत एखादी दिसते. इथं परळच्या टाटा मेमोरियलसारखं हॉस्पिटल उपयोगी पडतं. २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालेलं हे हॉस्पिटल १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडं आहे. घाटकोपरहून स्लो लोकल पकडली की विद्याविहार, कुर्ला, सायन, माटुंगा, दादर आणि मग परळ. जाताना सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, सीटीची सीडी, स्लाइड-ब्लॉक, ऑपरेशनचा कागद, आधार आणि रेशनकार्ड न्या. तिथं स्लाइड पुन्हा तपासतात आणि सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर मिळून उपचार ठरवतात.

युवराजचं उदाहरण आणि प्लॅटिनमचं औषध

युवराज सिंग २०११ च्या वर्ल्डकपचा मालिकावीर. त्याला जो कर्करोग झाला तो याच घराण्यातला होता, सेमिनोमा. फक्त त्याची गाठ छातीत, दोन फुप्फुसांच्या मध्ये होती. गर्भात बीजपेशी जागा बदलताना काही मधेच अडकून राहतात, त्यातून अशा गाठी होतात. त्यानं २०१२ मध्ये अमेरिकेत इंडियाना इथं डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांच्याकडं केमो घेतला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो भारताकडून पुन्हा खेळला.

या आइनहॉर्न यांनीच १९७४ मध्ये सिस्प्लॅटिन हे औषध इतर औषधांबरोबर वृषणाच्या कर्करोगाला वापरून बघितलं. सिस्प्लॅटिनमध्ये प्लॅटिनम धातू असतो. त्याचा गुण १९६५ मध्ये बार्नेट रोझेनबर्ग यांना अचानक कळला. ते जंतूंवर विजेचा परिणाम बघत होते आणि प्लॅटिनमच्या तारांमुळं जंतूंची वाढ थांबलेली दिसली. त्याआधी हा रोग पसरला की शंभरातले जेमतेम दहा वाचायचे. आता पसरलेल्या रोगातही बहुतेक जण बरे होतात आणि गोळीपुरताच असेल तर जवळपास सगळे.

पसरलेल्या रोगाला ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन अशी तीन औषधं देतात. एक फेरी २१ दिवसांची. रोग कमी असेल तर तीन फेऱ्या, जास्त असेल तर चार. ठरलेली तारीख पुढं ढकलू नका. पेरणी आली, लग्न आलं म्हणून फेरी लांबवली तर औषधाचा जोर कमी पडतो. सिस्प्लॅटिनचा किडनीवर आणि कानावर परिणाम होऊ शकतो, म्हणून भरपूर सलाइन लावतात. ब्लिओमायसिन फुप्फुसाला त्रास देऊ शकतं, म्हणून बिडी-सिगारेट बंद. पुढं कधीही दुसरं ऑपरेशन करायची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरला ‘मला ब्लिओमायसिन दिलंय’ हे सांगायचंच. केमोनंतर पोटात गाठी उरल्या तर काहींना त्या काढायचं मोठं ऑपरेशन लागतं.

सगळ्यांना केमो लागतोच असं नाही. सेमिनोमा गोळीपुरता असेल तर १०० पैकी साधारण ८० ते ८५ जणांना ऑपरेशननंतर काहीच लागत नाही. पण त्यांनी ठरलेल्या तारखांना रक्त आणि स्कॅनला यायचं असतं. परत उलटणारा रोग जास्त करून पहिल्या दोन वर्षांत उलटतो. ‘बरं वाटतंय’ म्हणून फेरतपासणी बुडवणं हे दुसऱ्या उशिरासारखंच आहे.

लग्न आणि पोरं

खरी भीती इथं असते, म्हणून स्पष्ट लिहितो. एक वृषण काढल्यानं पुरुषपण जात नाही. दुसरं वृषण चांगलं असेल तर हार्मोन, संबंध आणि मुलं यांसाठी ते पुरतं. पिशवी मोकळी दिसू नये म्हणून सिलिकॉनची गोळीही बसवता येते. केमोमुळं मात्र वीर्यातलं बीज काही काळ, कधी कायमचं कमी होऊ शकतं. म्हणून केमो सुरू होण्याआधी वीर्य गोठवून ठेवायची सोय डॉक्टरला विचारा. हे आधीच करायचं असतं. केमोनंतर विचारून उपयोग नाही. हा रोग लागट नाही, बायकोला होत नाही.

पैसा आणि मुक्काम

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या रेशनकार्डधारक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. कर्करोगाचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन त्यात बसतं. योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, भरती होण्याआधी त्याला भेटा. टोल फ्री नंबर १५५३८८. मुंबई लांब पडत असेल तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी हॉस्पिटल आहे. मुंबईत नातेवाईक नसतील तर दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती पेशंट आणि सोबतच्या माणसाची सोय करतात. रेल्वे आणि एसटीत कर्करोगाच्या पेशंटला सवलत आहे, हॉस्पिटलकडून त्याचा दाखला मागून घ्या.

घरी काय बघायचं

महिन्यातून एकदा, गरम पाण्याच्या आंघोळीनंतर पिशवी सैल असते तेव्हा, एकेक गोळी अंगठा आणि बोटांमध्ये हलकी फिरवून बघायची. दोन मिनिटांचं काम. गोळी गुळगुळीत लागायला पाहिजे. कडक खडा, आधीपेक्षा वाढलेला आकार किंवा जडपणा वाटला तर दोन आठवड्यांच्या आत सोनोग्राफी.

आयाबायांसाठी एक सांगणं. पोराला आंघोळ घालताना दोन्ही गोळ्या पिशवीत आहेत का बघा. सहा महिन्यांपर्यंत एखादी खाली उतरली नसेल तर डॉक्टरला दाखवा आणि ऑपरेशन वर्ष-दीड वर्षाच्या आत करून घ्या. न उतरलेल्या गोळीला पुढं कर्करोगाचा धोका जास्त असतो. अंगणवाडीत तपासणीचं पथक येतं तेव्हा हे विचारून घ्या.

आणि ज्याच्या हाताला आज गाठ लागली आहे त्यानं कुणाला सांगायची लाज वाटत असेल तर नका सांगू. सकाळी केसपेपर काढून सोनोग्राफी तेवढी करून या. रिपोर्ट हातात आल्यावर घरी सांगणं सोपं जातं.